हजारामागचं दुखणं

तेंदूचं पान रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. सकाळी पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीनं कापायचं. मग सूप मांडीवर घ्यायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी पान वळायचं, दोऱ्याचे वेढे घालायचे, तोंड दुमडून बंद करायचं. एका विडीला अर्धं मिनिट धरलं, तर हजार विड्यांना आठ तास वीस मिनिटं होतात. यात पान कापणं धरलेलं नाही. कारखान्यात जाऊन माल दाखवणं, त्यातली छाट, म्हणजे नापास विड्या, परत घेणं, हेही नाही. स्वयंपाक-पाणी तर कुणीच कधी धरत नाही. मजुरी हजारावर ठरते. मान किती वेळ खाली होती यावर ठरत नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या अंगाला, बायका दाराशी बसतात, कारण उजेड तिथं असतो. पाठ टेकायची भिंत मात्र आत असते. उजेड की टेका, यातला एकच मिळतो आणि काम उजेडाचं असतं. शहराच्या या बाजूला तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं बरीच. घरात तेलुगू, बाजारात मराठी, अधूनमधून कानडी. गल्लीत माग चालू असेल तर तिन्ही भाषा ओरडूनच बोलाव्या लागतात. पुरुष मागावर, बायका विडीवर, ही इथली जुनी वाटणी. चादर आणि टॉवेलचं सोलापूर जगाला ठाऊक आहे, पण ते ज्यांच्या कमरेवर उभं राहिलं, त्यांच्या कमरेची नोंद फारशी कुठं नाही.

‘‘कधीपासून दुखतंय?’’ असं विचारलं की तारीख सांगत नाहीत. थोरल्याच्या बाळंतपणापासून. चिकुनगुनिया आला तेव्हापासून. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली आणि घरात विडीचं सूप आलं तेव्हापासून. यातलं चिकुनगुनियाचं उत्तर वाटतं तितकं ढोबळ नाही. 2006 साली देशभरात या तापाचे तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्राला मोठा फटका बसला. ताप आठवड्यात उतरला, काहींचे सांधे मात्र पुढं महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षं धरले.

वैद्यकानं यासाठी आता रेघ आखली आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं ते दीर्घकालीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, अशा दुखण्याला स्वतःचं खातं मिळालं. एवढंच नाही, काही प्रकारांत दुखणं हाच आजार, दुसऱ्या कशाचं लक्षण नव्हे, असंही त्यात मान्य केलं आहे. कागदावरचा हा बदल छोटा नाही. तोवर अशा माणसाला दोनच घरं होती: एक ‘काहीतरी बिघडलंय, सापडेल’ आणि दुसरं ‘काही नाही, मनाचं आहे’.

पेठेतलं दुखणं आधी पहिल्या घरात जातं, म्हणजे फोटो काढायला. तिथून चार वाक्यं ठरलेली बाहेर येतात. मणक्यात गॅप आलाय. गादी सरकलीय. नस दबलीय. गुडघ्यातलं वंगण संपलंय. सांगणारा दोन मिनिटांत पुढच्या पेशंटकडे वळतो, ऐकणारी ते वाक्य वीस वर्षं घेऊन फिरते. खुंटीला टांगलेल्या पिशवीत फिल्म असते आणि पाहुणा आला की ती उजेडाकडे धरून दाखवली जाते. मी अशा पिशव्या पाहिल्या आहेत. त्यातल्या फिल्मा काळजीनं जपलेल्या असतात, रेशनकार्डाशेजारी.

आता त्या गॅपचं काय ते पाहू. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा 3110 माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के माणसांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या 80 टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्क्यांच्या. गादी फुगलेली असणंही विशीत 30 टक्के, पन्नाशीत 60. लक्षात घ्या, यांतल्या कुणालाही दुखत नव्हतं. म्हणजे पन्नाशीच्या बाईचा फोटो काढला तर त्यात झीज बहुधा दिसणारच, दुखो न दुखो. फिल्म खोटं बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. आणि ‘गॅप’ ऐकलेली बाई मात्र वाकायचं सोडते, वजन उचलायचं सोडते, पाऊल जपून टाकते. न वापरलेले स्नायू ढिले पडतात, मग थोड्या कामानंही जास्त दुखतं, मग ती आणखी जपते. निम्मं आजारपण त्या एका वाक्यानं आणलेलं असतं, असं माझं मत आहे.

फोटो काढूच नये असं नाही. पाठदुखीबरोबर बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षय आधी मनात आणायला हवा. पायातला जोर जात असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. आधी कॅन्सर होऊन गेला असेल किंवा पडून मार लागला असेल, तरी तपासणी हवीच. अशी माणसं थोडी असतात, पण ती हातची जाऊ नयेत. बाकीच्या बहुतेकांचं दुखणं फिल्मवर दिसत नाही.

मग ते असतं कुठं? 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की जखमेपासून मेंदूपर्यंत दुखण्याची सरळ तार नसते. पाठीच्या कण्यात जणू एक दार आहे आणि ते किती उघडायचं हे वरून मेंदू आणि खालून इतर संवेदना मिळून ठरवतात. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं, ते याचमुळं. पुढं 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच जास्त हळवा होतो. साध्या स्पर्शालाही तो दुखण्याचं उत्तर देऊ लागतो.

मागावर काम केलेल्याला हे पटकन कळतं. बाणा तुटला की माग थांबवणारी कळ असते. ती कळच फार हळवी झाली तर धागा शाबूत असूनही माग घटकेघटकेला थांबतो. नवखा कारागीर तुटलेला धागा शोधत बसतो, जुना मेस्त्री कळ बसवतो. दुखणं जुनं झालं की अनेकदा शरीराचं असं होतं. माग थांबतो हे खरंच असतं. ते कुणाचं सोंग नसतं. फक्त धागा तुटलेला नसतो.

आणि इथं दुसऱ्या घराचा, म्हणजे ‘मनाचं आहे’चा, हिशेब चुकता करायला हवा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या नव्यानं लिहिली. तिच्यासोबतच्या टिपांत म्हटलं आहे की माणूस दुखतंय म्हणतो, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. जगातल्या तज्ज्ञांना हे लिहून ठेवावं लागलं, यातच सगळं आलं. घरातल्या माणसांना कोण लिहून देणार?

अविश्वासाची सगळ्यात मोठी परीक्षा इथं कोजागरीला होते. त्या पौर्णिमेला सोलापुरातून तुळजापूरला पायी जायची रीत आहे. अंतर सुमारे 45 किलोमीटर. रूपाभवानीचं दर्शन घ्यायचं आणि तुळजापूर रस्त्याला लागायचं. लाखांनी माणसं चालतात, कर्नाटकातून आणि तेलंगणातूनही येतात. वाहतूक वळवलेली असते. हिप्परग्याचा तलाव मागं पडतो, रात्र चढते, तामलवाडी येते. वाटेत चहा, केळी, फराळाचे मंडप, कुठं पायाला तेल चोळून देणारी पोरं, कुठं गोळ्या-मलमाचं टेबल. ‘आई राजा उदो उदो’चा गजर मध्येच उठतो आणि विरतो. या गर्दीत अशा कितीतरी बायका असतात ज्या एरवी दोन जिने चढताना कठड्याला धरून थांबतात.

घरी परतल्यावर बोलणं ठरलेलं. ‘‘तुळजापूरला धडधडीत चालत गेली की वो. मग घरातच बरं दुखतंय!’’ जावा-नणंदा बोलतात, नवरा बोलतो, कधी शेजारची हसत हसत बोलून जाते. जिला बोलतात तिच्यापाशी उत्तर नसतं, कारण तिलाही कोडंच पडलेलं असतं. मग ती म्हणते, ‘‘आईनं नेलं.’’

आईनं नेलं यावर माझं काही म्हणणं नाही. पण कोडं सुटण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात 1944 साली इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकी लष्करी डॉक्टर होता. गंभीर जखमी सैनिकांना तो विचारी, दुखतंय का, औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश नको म्हणाले. त्यांच्यासाठी जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका होती. शरीर तेच, इजा मोठी, पण प्रसंगाचा अर्थ वेगळा. कोजागरीच्या रस्त्यावर इजा नाही, उलट सोबत आहे, गाणं आहे, रात्रीचा गारवा आहे, वर्षातून एकदाच हजाराच्या गणतीतून सुटका आहे. शिवाय चालणं ही मुळात कमरेला मानवणारी हालचाल आहे. मांडी घालून आठ तास वाकून बसणं नाही. मेंदू त्या रात्री दार जरा लोटून घेतो. दोन जिने चढताना लागणारा दम आणि कळ खरी, आणि 45 किलोमीटरही खरे.

त्याची किंमतही खरी. पौर्णिमेनंतर पेठेत बायका दोन-तीन दिवस आडव्या असतात. बरं वाटलं त्या दिवशी महिन्याचं काम उरकायचं, मग पडून राहायचं, मग राहिलेलं भरून काढायला पुन्हा उठून जोर करायचा. जुनं दुखणं असलेल्या जवळपास सगळ्यांचा हाच फेरा असतो, कोजागरी असो नसो. नळाला पाणी येतं त्या दिवशीही हेच होतं. सोलापुरात वर्षानुवर्षं तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी. आलं की सगळी भांडी, पिंपं, घागरी एकदम भरून घ्यायच्या, वेळ अपरात्रीची असली तरी. कंबर बऱ्या दिवशीची असो की वाईट दिवशीची, पाणी तिला विचारून येत नाही.

तुळजापुरात दसऱ्यानंतर देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. महिषासुराशी लढून ती थकलेली असते. ही श्रमनिद्रा पौर्णिमेपर्यंत चालते आणि मग देवी पुन्हा सिंहासनावर येते. श्रम झाले की विसावा, आणि विसाव्याची मुदत ठरलेली. देवीच्या पुजाऱ्यांना जे कळतं ते हजारी मजुरीला कळत नाही.

मुदत ठरलेली नसते तिथं सुई येते. नाक्यावर जायचं, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घ्यायचं, संध्याकाळपर्यंत विडी वळायची. एखाद्या दिवशी घ्यायला हरकत नाही. पण आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं, वर दुकानातून गोळ्या: याने जठराला व्रण पडतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं जातात. साखरेचा आजार असलेल्याची तर लवकरच. हेच औषध जनावरांना दिलं जायचं आणि ती जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती लाखोंनी मेली, हे 2004 साली उघड झालं आणि 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली. माणसाची गत गिधाडासारखी होत नाही, मात्रेचं गणित वेगळं असतं, पण थोडी धास्ती बरी. सुईहून वाईट म्हणजे नाव नसलेल्या पुड्या. चार दिवसांत अंग हलकं होतं, भूक लागते, तोंड गोल होतं. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. अचानक बंद केली की माणूस कोसळतो, म्हणून ती आपल्या मनानं तोडूही नये. डॉक्टरला दाखवून उतरवत न्यावी.

आणि कमरेचा पट्टा. पेठेतल्या दर तिसऱ्या-चौथ्या घरात तो दोरीवर वाळत असतो, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात पट्टे, वजनं लावून कंबर ताणणं आणि अफूजन्य वेदनाशामकं, ही नेमानं वापरू नयेत असं सांगितलं आहे. वापरावं ते काय, तर दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, काही प्रकारची हातानं केलेली फिजिओथेरपी, मनाच्या सवयींवरचे उपचार आणि गरजेपुरत्या सूज-दुखीच्या गोळ्या. यादी वाचून निराशा होते. एवढंच? हो, एवढंच. आणि त्यातलं पहिलं, समजावून सांगणं, सगळ्यात स्वस्त असून सगळ्यात कमी मिळतं, कारण त्याला अर्धा तास लागतो.

समजावून न सांगितल्यानं काय होतं त्याचा एक मासला. नसांच्या दुखण्याला, साखरेमुळं तळपायांची आग होते तिला, अॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीनसारखं औषध कमी मात्रेत देतात. ते मुळात नैराश्यावरचं, पण दुखण्याच्या दारावरही काम करतं आणि पहिल्यानं झोपही लागते. डॉक्टर चिठ्ठी देतो, कारण सांगत नाही. शेजारचा शिकलेला पोरगा मोबाइलवर नाव बघतो आणि सांगतो, ‘‘मावशी, हे डोक्याच्या पेशंटचं औषध हाय.’’ पाकीट त्या रात्री कचऱ्यात.

मागावरच्या पुरुषांविषयी इथं थोडंच लिहितो, कारण ते कमी बोलतात. लांबलचक पाळी उभ्यानं काढायची, तुटला धागा गाठायला वाकायचं, बीम उचलताना चौघांनी जोर लावायचा. त्यांचं दुखणं संध्याकाळी बाटलीत बुडतं आणि रात्रीची झोप मोडून सकाळी वाढून परत येतं. झोप मोडली की दुखणं चढतं आणि दुखणं चढलं की झोप मोडते, हे अभ्यासांत वारंवार दिसलेलं आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याला त्यासाठी अभ्यास वाचायची गरज नाही.

मग या दाराशी बसलेल्या बाईनं नेमकं करायचं काय? ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला शास्त्रालाही धरून नाही आणि घरालाही परवडत नाही. पडून राहिल्यानं जुनी कंबर बरी होत नाही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे दुखायच्या आधी उठणं. पंचविसाचा एक कट्टा बांधायचा असतोच. असे चार झाले, शंभर विड्या झाल्या, की सूप खाली ठेवायचं, उठायचं, अंगणातून दोन चकरा, हात वर करून भिंतीला टेकवायचे, मान दोन्हीकडे वळवायची, मग पुन्हा बसायचं. कळ आल्यावर उठायचं नाही, गणतीवर उठायचं. बरं वाटत असलं तरी उठायचं, हे सगळ्यात अवघड, कारण हात चालू लागला की थांबवत नाही. एक मांडी सारखी घालायची नाही, कधी पाय लांब, कधी बुडाखाली जाड उशी. रोज थोडं चालायचं, आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. कुठला व्यायाम सर्वात चांगला, यावर पुष्कळ खल झाला आहे. एखादा फार वरचढ ठरलेला नाही. जो चालू राहतो तो चांगला.

घोंगडे वस्तीतल्या एका अक्कांना मी हे करताना पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, डाव्या अंगठ्याचं टोक इतकं गुळगुळीत की रेशनच्या मशीनवर ठसा उमटायला तीन-तीनदा दाबावं लागतं. शंभर झाल्या की उठायच्या, त्यावर सुरुवातीला गल्ली हसली. मी विचारलं, दुखणं कमी झालं का? ‘‘दुखायलंय की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण पहिल्यासारखं भ्या वाटत नाही. सुई सोडली. पानं सून कापून देते.’’ आणि हजार होतात का? नाही. आठशे, कधी साडेआठशे.

उरलेल्या दीडशे-दोनशे विड्यांची मजुरी कुणी भरून द्यायची, हा प्रश्न फिजिओथेरपीच्या पुस्तकात नाही. तो कायद्याच्या पुस्तकात असायला हवा होता. विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला. 1976 मध्ये विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो उपकर संपला. घरांसाठी या बायका लढल्या आणि त्यांनी ती मिळवलीही. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली, पुढं त्याच गावी रे नगर ही आणखी एक वसाहत आली. घराच्या मागणीला मोर्चा निघतो, कारण घर दिसतं. कंबरेच्या मागणीला अजून निघालेला नाही.

सरकारी विम्याचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन केलेल्या शस्त्रक्रियांना आणि उपचारांना पैसे मिळतात. जुनं दुखणं मात्र बाह्यरुग्ण विभागातलं. त्याला खाट लागत नाही, चिरफाड लागत नाही, लागतो तो कुणाचा तरी महिन्याकाठचा अर्धा तास. त्यामुळं गरीब घरात मणक्याचं ऑपरेशन फुकट होऊ शकतं आणि ते टाळू शकणारी फिजिओथेरपी पदरमोड करून घ्यावी लागते. सिव्हिलमध्ये ती मिळते, पण पेठेतून जाऊन, रांग लावून, परत यायला अर्धा दिवस मोडतो. अर्धा दिवस म्हणजे पाचशे विड्या. कारखान्यात मोठी जागा असते, विड्या द्यायला रोज शेकडो बायका तिथं येऊन रांगेत उभ्या राहतात. आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्टनं तिथंच बसावं, एवढी सोय करायला नवा कायदा लागत नाही. अक्कांना मी हे सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘बसू द्या. पण माल घेण्याच्या आधी बसवा. छाट निघाल्यावर कुणाला व्यायाम सुचतोय?’’